पुढच्या चाकांची थरथर

गॅरेजच्या भिंतीला टेकवून ब्रेकच्या सहा डिस्क उभ्या होत्या. तीन डाव्या, तीन उजव्या. खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन नव्या. बाकावर ब्रेक पॅडचे तीन संच, त्यांतले दोन निम्मेसुद्धा झिजलेले नव्हते. एक मायक्रोमीटर, एक डायल गेज, आणि जॅकवर उचललेली आमची पांढरी गाडी, पुढची दोन्ही चाकं काढलेली. गाडीच्या पलीकडे माझा भाऊ गासिब. दारात त्याचा मित्र हारिस, हातात कहव्याचा पेला.

गासिबने भिंतीजवळची एक डिस्क उचलली आणि अंगणात भिरकावली. ती काँक्रीटवर दोनदा आपटली, मग कडेवर उभी राहून फाटकापर्यंत घरंगळत गेली.

"तिसरी जोडी," तो म्हणाला. "तिसरी जोडी वाकली. तू गाडी चालवायला लागल्यापासून."

"वाकलेली नाही."

"वाकलेली नाही म्हणे! एकशे साठवरून ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं, दात वाजतात, आणि ही म्हणते वाकलेली नाही. मग काय नाचतंय आत? जिन?"

हारिस हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने पेल्यात तोंड घातलं.

गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. कागद गासिबच्या नावावर झाले, कारण त्या दिवशी माझी परीक्षा होती आणि तो रिकामा होता. एवढंच कारण. पण तेव्हापासून ती 'गासिबची गाडी', आणि मी ती 'मागून घेणारी'. दर शुक्रवारी सकाळी आम्ही निझवा शहराहून अदम गावाच्या पलीकडच्या ट्रॅकवर जायचो. आधी त्याची पाळी, मग माझी, पुन्हा त्याची, पुन्हा माझी, असं जुम्म्याच्या नमाजाआधीपर्यंत. चाकं काढणं, पॅड बदलणं, ब्रेकमधली हवा काढणं ही कामं माझी. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ती सगळी कामं 'गासिबच्या गाडीची' होती.

"दुकानदार काय म्हणाला सांगू?" गासिब म्हणाला.

"सांगू नकोस. तू आधीच सगळ्यांना सांगितलंयस. मला ते तिघांकडून कळलं."

"मग खरंच असेल. तो म्हणाला, बहीण चालवते ना? मग बरोबर. बायका ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात."

माझ्या हातात चाकाचा पाना होता. मी तो बाकावर ठेवला, कारण हातात राहिला असता तर मी तो फेकला असता आणि समोर काच होती.

"आणि तू त्याला काय म्हणालास?"

"काय म्हणणार? नवी जोडी बसवली की माझ्या पाळीत गाडी लोण्यासारखी थांबते. तू ट्रॅकवर गेलीस की थरथरायला लागते. दर वेळी. हे मी म्हणत नाही, गाडी म्हणते." त्याने नव्या डिस्कच्या खोक्यावर पाय ठेवला. "तर ऐक. या शुक्रवारी या नव्या. पुन्हा थरथर आली तर गाडी चालवायची दुसरी जागा हारिसची. तू घरी बस तुझ्या पुस्तकांत."

"हारिसला विचारलंस?"

"मला मध्ये घेऊ नका," हारिस म्हणाला.

"मध्ये नाही घेत. हो म्हणालास की नाही, तेवढं सांग."

त्याने पेला उलटा करून उरलेला कहवा अंगणात ओतला. "म्हणालो," तो म्हणाला.

म्हणजे ठरलंसुद्धा होतं. माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच पान्यांच्या समोर उभं राहून हे लोक मला निकाल सांगत होते. मला इतका राग आला की बोलता येईना. बोलता येत नाही तेव्हा मी मोजते. भिंतीजवळची एक डिस्क उचलली, चाकाच्या जागी बसवली, नट आवळले, आणि डायल गेजचं टोक तिच्या कडेजवळ टेकवलं.

"इकडे या. दोघंही."

"तुझी प्रयोगशाळा नको आता, बाईसाहेब."

"वाकली म्हणालास ना? मग बघ किती वाकली ते."

मी डिस्क हाताने हळू फिरवली. वाकलेली असती तर काटा पुढेमागे गेला असता. तो जागच्या जागी जरासा हलला, एवढंच. एका मिलीमीटरचे तीन शतांश. नवी डिस्क बसवली तरी इतकं हलतं. हारिस वाकून बघत होता. गासिब बघत नव्हता, पण त्याचे कान इकडे होते.

मग मी मायक्रोमीटर घेतला आणि डिस्कची जाडी गोलाकार बारा ठिकाणी मोजली. अकरा ठिकाणी जवळजवळ सारखी. एका ठिकाणी चोवीस मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे चोवीस सहस्रांश, जास्त. केसाच्या जाडीच्या निम्म्यापेक्षाही हा फरक थोडा, पण ब्रेकला तो कळतो. पंधराच्या वर गेलं की चालवणाऱ्याच्या हातांनाही कळतो.

"ही जागा बघा." तिथे एक करडा, निळसर डाग होता. मी बाकावरचा एक पॅड उचलून त्यावर ठेवला. डागाची कड आणि पॅडची कड तंतोतंत जुळली.

"अरेच्चा," हारिस म्हणाला.

"तापलेला पॅड डिस्कवर एका जागी दाबून धरला की त्याचा थर तिथे चिकटतो. मग चाक फिरताना दर फेरीला तो उंचवटा पॅडमध्ये येतो. थरथर त्याची आहे. कुणीतरी ट्रॅकवरून तापलेल्या ब्रेकने येतं, गाडी उभी करतं, आणि पाय काढत नाही."

"तू," गासिब म्हणाला.

"मी काढते. मी चाकाला दगड लावते आणि पाय काढते."

"म्हणजे मी?"

"आपण दोघंच चालवतो, गासिब. तिसरं कोण आहे?"

"दहा वर्षं चालवतोय मी!" तो इतक्या जोरात ओरडला की आतून आईने हाक मारली. "दहा वर्षांत मला ब्रेकवरून पाय काढायला शिकवणारा जन्मला नाही, आणि ही चार पुस्तकं वाचून आली!" तो निघून गेला. हारिस त्याच्या मागे गेला, मग परत येऊन पेला बाकावर ठेवून पुन्हा गेला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नव्या जोडीवर त्याच्या पहिल्या पाळीत गाडी खरंच नीट चालायची. थरथर माझ्या पाळीत सुरू व्हायची. मी रात्रभर त्या एका गोष्टीवर चिडून पडले होते, कारण तिचं उत्तर मला माहीत नव्हतं.

*

ट्रॅक आमच्या मामांच्या कुळाच्या जमिनीवर आहे. सपाट माळ, मध्ये डांबराचा वळणावळणाचा पट्टा. ट्रॅकमधून बाहेर यायचा रस्ता एका चढावरून गाड्यांच्या आवारात येतो. चढाच्या माथ्यावर कापडी छत आहे आणि छताखाली चटई. चटईवर शुक्रवारी मामा बसतात, अबू नब्हान म्हणतात त्यांना सगळे, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या वयाचे सहा जण. खजूर, हलवा, कहव्याचे थर्मास. त्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण जमीन त्यांची, सावली त्यांची, आणि येणारा-जाणारा त्यांच्यासमोरून जातो.

आमची जागा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे. गासिब ट्रॅकवर असतो तेव्हा मी तिथे टायरच्या हवेचा मापक घेऊन उभी असते. चढ तिथून दिसत नाही.

त्या शुक्रवारी मी तिथे उभी राहिले नाही. त्याच्याशी बोलायचं नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे डिस्क ट्रॅकमधून बाहेर पडताक्षणी किती तापलेली असते ते मला मोजायचं होतं. म्हणून दुरून तापमान मोजायचं यंत्र घेऊन मी छतापासून थोड्या अंतरावर, चढाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मामांना छातीवर हात ठेवून सलाम केला. त्यांनीही तसाच हात ठेवला.

"मोजणारी आली," मामा बाकीच्यांना म्हणाले. "आता आपलाही ताप मोजेल."

गासिब आला. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करायचे असतात. तो ती कधीच सावकाश मारत नाही, वेळ फुकट जातो म्हणतो. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. तो चढ चढला, छतासमोर आला, आणि थांबला.

थांबणं भागच होतं. सात वडीलधारे बसलेले असताना तोंड फिरवून पुढे जायचं कसं? उतरून सलाम करायला हवा, पण पट्टे आवळलेले, हेल्मेट डोक्यावर. म्हणून त्याने काच खाली केली आणि उजवा हात स्वतःच्या छातीसमोरून वळवून खिडकीबाहेर काढला. डावा हात कुणी पुढे करत नाही. हँडब्रेक त्याच्या उजव्या बाजूला, आणि उजवा हात बाहेर. गाडी चढावर. ती मागे जाऊ नये म्हणून राहिलं काय? पाय.

मामा उठून आले. "सलाम आलेकुम, गासिब."

"वालेकुम सलाम, मामा. कसे आहात?"

"ठीक. तू कसा? आई कशी? वडील?"

"सगळे ठीक, अल्लाची कृपा. तुमचे गुडघे?"

"आहेत जागेवर. काय खबर?"

"खबर काही नाही, मामा. सगळं शांत. तुमच्याकडे काय खबर?"

"खबर काही नाही. सगळं शांत."

मी यंत्र डाव्या चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कवर रोखलं. चारशे दहा अंश. मामा बाजूला झाले आणि दुसरे पुढे आले. पुन्हा आई, पुन्हा वडील, उंटीण व्याली का, काय खबर, खबर काही नाही. चाकातून धूर निघत होता आणि माझा भाऊ सांगत होता की सगळं शांत.

"गासिब, पाय काढ!" मी ओरडले.

छताखाली सगळे थांबले. त्याने हेल्मेटमधून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या वृद्धाचा हात त्याच्या हातात होता.

"पाय काढ ब्रेकवरून! तूच करतोयस! इथेच!"

"गप्प बस," तो दातांतून म्हणाला आणि वळून, "माफ करा हं अबू मुहन्ना, तुमच्या धाकट्याचं लग्न ठरलं म्हणे?"

मी कडेचा एक दगड उचलला, धावत जाऊन मागच्या चाकाखाली सरकवला आणि गाडीच्या छपरावर थाप मारली. "दगड लावलाय! आता तरी काढ!"

त्याने काढला नाही. कळूनही काढला नाही. सातही जणांची चौकशी संपेपर्यंत तो तिथे उभा राहिला, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा जास्त विचारत. मी शेजारी उभी होते आणि माझे कान तापले होते. मग त्याने गाडी पुढे घेतली. दगड तिथेच राहिला.

*

नंतर माझी पाळी. पहिल्याच मोठ्या वळणाला ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. नव्या डिस्क, एक दिवस जुन्या. मी हेल्मेटमध्ये किंचाळले. शेवटच्या दोन फेऱ्या अगदी सावकाश मारल्या, चढावर आले, छातीला हात लावला आणि न थांबता पुढे गेले. मी कायम अशीच जाते. ते पुरुष, मी मुलगी. माझ्याशी हात मिळवायचा प्रश्नच नसतो. गाडी आमच्या जागेवर लावली, गिअरमध्ये ठेवली, चाकाला दगड लावला, पाय काढला.

गासिब हारिसबरोबर उभा होता. माझा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

"आली ना?" तो म्हणाला. "थरथर आली ना? कोण चालवत होतं?"

"तू लावलेला डाग मी चालवत होते!"

"हारिस, पुढच्या शुक्रवारपासून तू."

"चाक काढू दे मला. डाग दाखवते."

"डाग, डाग! तुला काय म्हणायचंय ते कळतंय मला. मी मामांना सलाम करू नये. बरोबर? लोकांसमोर ओरडलीस माझ्यावर, माझ्या गाडीवर हात आपटलास, कशासाठी? तर वडीलधाऱ्यांना सलाम केला म्हणून!" आणि मी काही बोलायच्या आत तो वळला आणि तरातरा छताकडे चालू लागला. "चल, त्यांनाच सांग. तोंडावर सांग."

मीही गेले. मागे हटले असते तर सगळं संपलं असतं.

"मामा," गासिब म्हणाला, "रय्या म्हणते, तुम्हाला सलाम केला की गाडीचे ब्रेक बिघडतात."

दोघंतिघं हसले. मामा हसले नाहीत.

"मघाशी तू त्यासाठी ओरडत होतीस?"

"सलाम केल्याने नाही बिघडत, मामा. सलाम करताना तो पाय ब्रेकवर दाबून ठेवतो. ब्रेक तापलेला असतो, मग पॅड डिस्कला चिकटतो. नंतर गाडी मी चालवते आणि थरथर माझ्या नावावर लागते. त्यासाठी हा माझी जागा काढून हारिसला देतोय."

"या जागेवरून माझे वडील उंटावरून जायचे," मामा म्हणाले, "आणि कितीही घाई असली तरी बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नसत."

"उंटाला ब्रेक नसतात, मामा."

"माझ्या उंटाला तर नाहीतच," अबू मुहन्ना म्हणाले, आणि या वेळी मामांचीही दाढी हलली. पण आवाज कडकच राहिला.

"मग काय करायचं म्हणतेस? आम्ही उठून जायचं इथून?"

"नाही. तुम्ही बसा. तो थांबू दे. फक्त थांबला की गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकू दे, इंजिन बंद करू दे, मी मागच्या चाकाला दगड लावते, आणि त्याने पाय काढायचा. मग हवं तेवढं बोला."

"मी काय वाळूचा ट्रक आहे, चाकाखाली दगड लावून घ्यायला?" गासिब म्हणाला.

"तुला फक्त हे नकोय की मी बरोबर निघावं."

"तू बरोबर नाहीसच!"

"मग लावून बघ! कशाला घाबरतोस?"

"कोण घाबरतंय?"

"ओरडू नका," मामा म्हणाले. "गासिब, मुलीने अट घातली आहे. तुझी अट काय?"

"पुन्हा थरथर आली तर ती या गाडीला हात लावणार नाही. पानेसुद्धा हारिसला देईल."

"कबूल," मी म्हणाले. "आणि आली नाही तर दुसरी जागा माझी, आणि कागदावर माझं नाव. आणि थरथर आली की नाही हे तू ठरवायचं नाहीस. मायक्रोमीटर ठरवेल. पंधराच्या वर गेलं तर तू जिंकलास. वाचणार हारिस."

"मी?" हारिस म्हणाला.

"जागा तुला मिळायची आहे. तू माझ्या बाजूने वाचलंस असं कुणी म्हणणार नाही."

मामांनी हारिसकडे पाहिलं. "वाचता येतं?"

"येतं, अबू नब्हान."

"मग साक्षीला आम्ही आहोत. दगड लाव. पण सलाम आम्ही आखडता घेणार नाही."

*

चाकं थंड झाल्यावर मी ती काढली. दोन्ही डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग होता. गासिबने तो पाहिला. काचपेपर घेऊन मी दोन्ही डिस्क घासायला बसले. बोटांची सालं निघाली तरी घासत राहिले. राग कुठेतरी खर्च व्हायलाच हवा होता. मग हारिसच्या हातात मायक्रोमीटर दिला. त्याने बारा-बारा ठिकाणी मोजलं. फरक डाव्या डिस्कवर पाच मायक्रॉन, उजव्या डिस्कवर चार. चाकं बसवली. नट मी स्वतः आवळले.

गासिब रागात गेला आणि रागातच चालवत होता. प्रत्येक वळणाला ब्रेक इतक्या उशिरा आणि इतक्या जोरात की कडेला उभे असलेले लोक बघायला लागले. ब्रेक बिघडायचेच असतील तर आत्ताच बिघडू देत, असं ते चालवणं होतं. सावकाश फेरी त्याने मारलीच नाही.

चढावर आला. मी दगड घेऊन तयार होते. त्याने गिअर टाकला, इंजिन बंद केलं. मी दगड सरकवला. "काढ," म्हणाले. त्याने पाय काढला, गाडी बोटभर मागे सरकली आणि दगडावर टेकली. मी वाकून पेडलकडे बघत राहिले. चारशे पस्तीस अंश.

मामा उठले. इतक्या सावकाश मी त्यांना उठताना कधी पाहिलं नव्हतं. काठी शोधली, चप्पल शोधली.

"सलाम आलेकुम, गासिब."

"वालेकुम सलाम, मामा."

"आई कशी?"

"मघाशी होती तशीच."

"वडील?"

"तेही."

"आणि बहीण? बहीण कशी आहे?"

गासिबने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याची मान लाल झाली होती. मामा खिडकीपाशी टेकून उभे राहिले आणि त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"समोरच उभी आहे," तो शेवटी म्हणाला. "तिलाच विचारा."

मग अबू मुहन्ना आले. त्यांनी धाकट्याच्या लग्नाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, मुलीच्या आजोबांपासून. मग बाकीचे पाच. एकाने तर हलव्याचा तुकडा हेल्मेटच्या आत, त्याच्या तोंडात घातला. गासिब चावत होता आणि समोर बघत होता. त्याचे दोन्ही पाय मला दिसत होते. ते पेडलपासून दूर, गाडीच्या तळावर सपाट होते.

शेवटचा हात सुटल्यावर मी दगड काढला. गासिबने गाडी टाकीमागे नेली, तिथे मी पुन्हा दगड लावला आणि डिस्क हाताला सोसतील इतक्या थंड होईपर्यंत थांबलो. मामा काठी टेकत तिथपर्यंत आले होते, मागे अबू मुहन्ना. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. मामा बसले नाहीत.

मी चाकं काढली आणि मागे सरकले. हात पाठीमागे धरले. हारिस गुडघ्यावर बसला, मायक्रोमीटरचे जबडे कापडाने पुसले आणि मोजायला लागला. एक एक आकडा तो मोठ्याने वाचत होता. गासिब आमच्याकडे पाठ करून टाकीला टेकून उभा होता. पण दर आकड्याला त्याचं डोकं थोडं इकडे वळत होतं.

डावी झाली. उजवी झाली. हारिसने मोठ्यातून लहान वजा केलं, पुन्हा एकदा केलं, आणि उठून उभा राहिला.

"डावी, सहा मायक्रॉन," तो म्हणाला. "उजवी, पाच."